भूपालअण्णांची काच

भूपालअण्णा मगदूम मंडईत नारळ घेताना बघण्यासारखे असायचे. नारळ कानाशी धरून हलवणं सगळेच करतात. अण्णा त्याच्यावर खिशातल्या चावीनं तीन ठिकाणी टकटक करायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि मग नारळवाल्याकडे अशा नजरेनं बघायचे, की त्या बिचाऱ्यानंच आत काहीतरी दडवून ठेवलं असावं. "हितं आवाज बदलतोय," म्हणायचे.

"अण्णा, नारळ हाय त्यो, तबला न्हवं!" नारळवाला वैतागायचा. अण्णा शांतपणे दुसरा उचलायचे.

ही त्यांची नोकरीतली सवय. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते तपासनीस होते. ओतीव लोखंडाचे भाग थंड झाले की त्यांच्या टेबलावर यायचे. अण्णा छोट्या हातोडीनं ते वाजवायचे. आत पोकळी किंवा चीर असली की आवाज फुटका येतो. फुटका आवाज आला की खडूनं फुली. "चांगला माल बघायला मला पगार न्हाय बाई," ते मला सांगायचे, "खोटा हुडकायला हाय." रोज काम सुटल्यावर ही हातोडी ते खिशात घालून घरी आणायचे असं त्यांच्या बायकोचं, सुनंदाकाकूंचं म्हणणं होतं. ती दिसायची नाही, पण भाजीवाली, दूधवाला, डॉक्टर, जावई, सगळ्यांवर ती एकदा तरी पडलेली असायची.

मंगळवार पेठेत आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मध्ये एक अरुंद बोळ, वर दोन्हीकडे गच्च्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं सगळी गल्ली मला बाई म्हणायची. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अण्णा बोळात भेटले. ओळख नाही, देख नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या गच्चीवरच्या टाकीला पाठीमागनं बारीक चीर हाय. पाणी पाझरतंय."

मी घरी येऊन टाकी बघितली. चीर होती, पण केसाएवढी. हात लावल्याशिवाय कळत नव्हती. मग समोरच्या गच्चीवरून ह्या माणसाला ती दिसली कशी?

उत्तर दोनच दिवसांत मिळालं. कपडे वाळत घालताना समोर पाहिलं, तर अण्णा कठड्याला टेकून उभे. डोळ्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला वीतभर लांबीची काळी नळी, आणि नळीचं तोंड आमच्याकडे. मी तशीच ओले कपडे घेऊन खाली आले. पुढे बघते तर काय, हे दर रविवारी सकाळी. कधी नळी आमच्याकडे, कधी शेजारच्यांकडे. बायका गच्चीवर केस वाळवायच्या, पापड घालायच्या. कुजबुज सुरू झाली. "माणूस शेवटी कसा आसंल, कुणी सांगावं," असं नळावर एक जण म्हणाली, आणि मीही मान हलवली. ती मान हलवल्याची मला आजही लाज वाटते. पण खोटं कशाला सांगू, मला शंभर टक्के तसंच वाटत होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी कोपऱ्यावरचे शिंदे पैलवान, आमचे हे, आणखी दोघं आणि बायकांतर्फे मी, असे पाच जण अण्णांच्या दारात गेलो. पैलवानांचं वय झालं होतं, पण खांदे शाबूत होते. सुनंदाकाकूंनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं. दार आतून बंद. फटींना काळं कापड कोंबलेलं. पैलवानांनी थाप मारली.

"भूपाल, भाईर ये!"

आतून आवाज आला, "आत्ता दार उघडता येत न्हाय. कागद उघडा हाय. सात मिनिटं थांबा."

"काय झाकतोयस आत?"

"उजेड झाकतोय. सात मिनिटं म्हटलं की!"

आम्ही पाच जण सात मिनिटं त्या न्हाणीघराबाहेर उभे राहिलो. आत पाण्याचा आवाज येत होता. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. प्रत्येक मिनिटाला आमची खात्री वाढत चालली होती. पैलवानांनी तर बाह्या वर केल्या.

दार उघडलं. लाल बल्ब, तीन घमेली, आणि पाटावर उभं केलेलं एक विचित्र यंत्र. दुधाची ॲल्युमिनियमची किटली उलटी टांगलेली, तिच्या पोटात बल्ब, तोंडाला काच. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र अण्णांनी फौंड्रीच्या भंगारातून स्वतः बनवलं होतं. वर कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी ओले फोटो लावलेले.

"बघा," अण्णा म्हणाले. "एकानं बघा. सगळ्यांनी बोटं लावू नका."

मी बघितले. टाक्या होत्या. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरच्या टाक्या. त्यांच्यावरची कबुतरं, अँटेनात अडकलेले पतंग, भिंतीच्या पोपड्यावर उन्हानं पडलेल्या सावल्या. काळेपांढरे, इतके स्वच्छ की टाकीवरचा गंज बोटाला लागेल असं वाटावं. पैलवान एकेक फोटो बघत गेले आणि त्यांच्या बाह्या हळूहळू खाली आल्या. "ह्यात बघण्यासारखं काय हाय?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "त्येच बघतोय मी."

शेवटच्या चिमट्याला मात्र माणूस होतं. माझ्या सासूबाई, ज्यांना गल्ली आक्का म्हणायची. गच्चीवर पापडांची राखण करत बसलेल्या. रक्तदाबामुळं डॉक्टरांनी त्यांना पापडाची लाटी सक्त बंद केली होती, आणि घरात त्यांच्यावर माझा पहारा होता. फोटोत त्यांच्या एका गालात लिंबाएवढी लाटी होती. पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि त्या एकट्याच खदाखदा हसत होत्या. कशाला हसत होत्या देव जाणे. विधवा झाल्यापासून आक्का हसताना कुणी पाहिल्या नव्हत्या. मी तर कधीच नाही.

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो एक काढला. न इचारता काढला. चूक झाली."

ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो तो गुन्हा शेवटी सापडला होता आणि पैलवान दारातल्या चपला शोधू लागले. मी तो ओला फोटो घरी नेला आणि आक्कांना दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग म्हणाल्या, "फाड."

"आक्का, किती छान आलाय..."

"फाड म्हणतीया न्हवं! असलं हासणं लोकांनी बघायचं न्हवं." आणि त्यांनी स्वतः फाडला. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पायात चपला घालून बोळ ओलांडून गेल्या. मी मागोमाग. "भूपाल, पट्टी कुठाय? जिच्यावरनं फोटो काढतोस ती."

अण्णांनी निगेटिव्हची पट्टी आणली. आमच्याकडे पाठ करून खिडकीच्या उजेडात धरली, कात्रीनं एक तुकडा कापला, त्याचे चार केले आणि चुलीत टाकले. आक्का समाधानानं परतल्या. मी मात्र परतले ते मनात एक प्रश्न घेऊन. त्यांनी पाठ का केली होती? पट्टीवर सहा चित्रं होती. त्यांतलं कुठलं कापलं हे मी पाहिलं नव्हतं. इतका चांगला फोटो कुणी स्वतःच्या हातानं जाळेल?

ती शंका मनात राहिली, पण येणंजाणं सुरू झालं. अण्णांचा छंद आता गल्लीला माहीत झाला होता. त्यांनी जन्मात नवी लेन्स घेतली नाही. परवडत नव्हती हे एक, आणि दुसरं त्यांच्याच शब्दांत, "नव्याची खोड कळायला वेळ लागतोय. जुन्याची खोड ठरलेली असती, ती फकस्त हुडकायची." ही जुनी काच त्यांना पुरवायचा निपाणीकडचा बसवराज. घरी कन्नड बोलणारा, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा माणूस. बंद पडलेल्या स्टुडिओंतून लेन्सा उचलायचा आणि पंच्यात गुंडाळून महिन्या-दोन महिन्यांनी अण्णांच्या ओट्यावर हजर व्हायचा.

मग परीक्षा सुरू. अण्णा लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून आत बुरशीचे धागे शोधायचे. आमच्याकडच्या पावसाळ्यात काचेलाही बुरशी येते. मग समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवायचे, छोट्या जाहिरातींचं. त्याचा फोटो काढून, धुऊन, छापून, कोपऱ्यातली अक्षरं वाचता आली तरच लेन्स पास. तोवर बसवराजनं आठ दिवस थांबायचं.

"यप्पा, अण्णा, मुलगी बघायला आलोय का काय?" बसवराज हसायचा. "घ्या की! ज्याची हुती त्यानं वीस वर्सं लग्नाचे फोटो काढलेत हिच्यावर."

"मग इकली का?"

"म्हातारा झाला त्यो."

"का काच म्हातारी झाली?"

एकदा एका जड रशियन लेन्सवर आठ दिवसांनी फुली बसली आणि बसवराजचा हसरा स्वभावही संपला. मी ओट्यावर काकूंशी बोलत बसले होते. तो लेन्स पंच्यात गुंडाळत म्हणाला, "काचेत एवढं बघतासा अण्णा, फिल्ममदी काय असतंय ते बघितलासा व्हय कधी? जैन माणूस तुम्ही. कांदा खात न्हाईसा. आन तो फिल्मवरचा चीक, कागदावरचा चीक, हाडं उकळून करत्यात."

अण्णा हसले. "ठेव तुझी थाप."

पण मला त्यांचा हात दिसला. तो मांडीवर पालथा पडला होता आणि उचलला जात नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा माणूस. पंधरा-वीस वर्षं दर रविवारी त्याच न्हाणीघरात कोपरापर्यंत हात बुडवत होता.

माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. अण्णांना मी त्यांच्याकडे घेऊन गेले. प्राध्यापकांनी सरळ सांगितलं, "जिलेटीन असतं. जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात."

"दुसऱ्या कशापासनं व्हत न्हाय?"

"फिल्मसाठी नाही."

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंय?"

"नाही, पुस्तकात आहे."

"म्हंजे बघितलेलं न्हाय," अण्णा म्हणाले आणि उठले. वाटेत मला म्हणाले, "पुस्तकात काय बी छापत्यात." मला वाटलं, सुटले. पण पुढच्या रविवारी लाल बल्ब लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. किटलीचं यंत्र पोत्यात बांधून माळ्यावर गेलं. सुनंदाकाकू म्हणाल्या, "बाई, इतक्या वर्सांनी न्हाणीघर माझं झालं. आन आता मलाच आत जाऊ वाटंना."

बसवराज दोनदा येऊन गेला, दारातूनच परतला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "चेष्टा केल्ती हो बाई मी," तो मला म्हणाला. "खरं बोलून चेष्टा केल्ती."

त्या काळातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. शाळेची सहल घेऊन आम्ही नृसिंहवाडीला गेलो होतो. मुली घाटाच्या पायऱ्यांवर डबे खात होत्या आणि खाली नदीच्या कडेला अण्णा दिसले. गळ्यात कॅमेरा. मला बरं वाटलं, म्हटलं सुरू केलं परत. एक शेतकरी जोडपं नव्या बाळाला घेऊन आलं होतं. अण्णा गुडघ्यावर बसून त्यांच्यावर काच फिरवत होते, पुढे-मागे होत होते, उन्हाची तिरीप बाळाच्या टाळूवर यायची वाट बघत होते. मग खटका दाबला. तो माणूस खूश होऊन जवळ आला.

"पत्ता लिवून देतो पावणं. एक कापी धाडा आमाला."

"कापी न्हाय व्हणार," अण्णा म्हणाले. "आत रोल न्हाय."

"म्हंजे?"

"मोकळा हाय कॅमेरा. नुसतं बघत हुतो."

त्या माणसाचा चेहरा फिरला. त्यानं अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग बायकापोरांकडं नळी लावून काय बघतासा? चेष्टा लावलीया व्हय?" त्यानं अण्णांच्या गळ्यातला पट्टा धरला. माणसं जमायला लागली. मी धावत पायऱ्या उतरले आणि ओरडून सांगितलं, "अहो, सोडा त्यांना! मी ओळखते. शाळेत बाई आहे मी. चांगला माणूस आहे." पट्टा सुटला, पण जोडपं मागे वळून बघत बघत गेलं.

अण्णांनी कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडून मला दाखवलं. खरंच मोकळा होता. "तुम्हाला बी वाटलं आसंल, खोटं बोलतोय," ते म्हणाले. मला तसं वाटलं नव्हतं, पण ते त्यांना पटलं नसतं. "सवय जाईना बाई. डोळा लावला की बरं वाटतंय. दाबलं की परत रितं वाटतंय."

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग नवीन शतक लागलं, डिजिटल आलं, काही वर्षांत जुन्या बाजारातही मिळायला लागलं, आणि एक दिवस बसवराज पंच्यात गुंडाळून जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आला. बरोबर एक पितळी कडी. ती लावली की अण्णांच्या सगळ्या जुन्या लेन्सा त्यावर बसत होत्या. "ह्यात हाडं न्हाईत अण्णा," तो म्हणाला. "घ्या."

"कशावरनं?" अण्णांनी विचारलं. बसवराजनं कपाळाला हात लावला, पण मी पाहिलं, तो हसत होता.

पुढचे कितीतरी महिने अण्णांनी त्या यंत्राची आणि शाईच्या प्रिंटरची उलटतपासणी केली. चकचकीत फोटोकागदावर कसला लेप असतो हे दुकानदाराला सांगता येईना, म्हणून तो कागद बाद. शेवटी लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून ते जाड, खरखरीत, बिनलेपाचा कागद आणू लागले. त्यावर काळा रंग थोडा मऊ उतरायचा, पाटीवरच्या पुसट अक्षरांसारखा. न्हाणीघर कायमचं काकूंकडे राहिलं आणि प्रिंटर देवघराशेजारी आला. माझ्या वर्गात अण्णांनी दिलेला राधानगरीच्या धरणाचा फोटो होता. पाण्यापेक्षा त्यात भिंतीवरचं शेवाळ जास्त होतं. मुली म्हणायच्या, ओला आहे. हात लावून बघायच्या.

त्याच वर्षी आक्का गेल्या. तेराव्याला लावायला फोटो शोधू लागलो तर एकही नीट मिळेना. रेशनकार्डावरचा, घाबरलेला. लग्नातला, बाजूला बघणारा. आणि माझ्या मनात दहा-बारा वर्षं दबून राहिलेली ती शंका उसळून वर आली. अण्णांनी पाठ केली होती. त्यांनी नक्की दुसरंच चित्र कापलं असणार. फोटोंवर इतकी माया असलेला माणूस, इतका चांगला फोटो. मी बोळ ओलांडून गेले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच अशी प्रार्थना करत होते, की समोरचा माणूस लबाड निघू दे.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, खरं सांगा. आक्कांची ती निगेटिव्ह तुम्ही ठेवलीय ना?"

त्यांनी बाजूचं वर्तमानपत्र उचलून मला बसायला जागा केली.

"मी कुणाला सांगणार नाही. आक्काही आता नाहीत. तेव्हा तुम्ही आमच्याकडे पाठ करून कापलंत. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"पाठ केली कारण डोळ्यात पाणी आलतं," अण्णा म्हणाले. "उजेडात धरली तवा दिसंना कुठलं चित्र कापायचं. दोनदा बघून मग कापली."

"म्हणजे..."

"जाळली बाई. त्यांनी सांगितलं हुतं."

मी तिथंच पायरीवर बसले. रडू आलं. अण्णा आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले. माझ्याजवळ ठेवून म्हणाले, "माज्यावर भरवसा ठिवायचा न्हाय ठिवायचा तुमचा प्रश्न. पण तेवढा एकच फोटो मी आजूनबी रोज बघतो. डोळं मिटून."

आक्कांच्या तेराव्याला रेशनकार्डावरचा फोटोच मोठा करून लावला. अण्णा आले, हात जोडले, आणि त्या फोटोकडे न बघता परत गेले.

नंतर आम्ही उपनगरात फ्लॅट घेतला आणि बोळ सुटला. सुनंदाकाकू गेल्याचं कळलं तेव्हा भेटून आले. अण्णा निवृत्त झाले होते. जिन्यात पडून हाताला कंप सुटल्यापासून कॅमेरा धरवत नाही, असं बोलता बोलता सांगितलं. दुःखाचा उल्लेख तेवढाच. बाकी वेळ त्यांनी मला माझ्या फ्लॅटच्या बिल्डरबद्दल प्रश्न विचारले.

शेवटचे दिसले ते एका फोटो स्टुडिओत. मी कसल्याशा अर्जासाठी पासपोर्ट आकाराचे फोटो काढायला गेले होते, आणि आत पांढऱ्या पडद्यापुढं स्टुलावर अण्णा बसलेले. धोतर, काळा कोट, पाठ ताठ. आयुष्यभर दुसऱ्यांवर काच रोखलेला माणूस स्वतः समोर बसला होता आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. स्टुडिओवाला मध्यमवयीन, घाईतला. खटका दाबला, संगणकाकडे गेला, पाच मिनिटांत फोटोंची पट्टी अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी ती बघितली. मान वर करून स्टुडिओवाल्याकडे बघितलं. "काय केलासा ह्यात?"

"काय न्हाय काका. हाय तसा काढलाय."

"डोळ्याखाली काळं वाढवलासा. गाल आत घातलासा. संगणकात काय बी करता येतंय, ठाव हाय मला."

"अवो काका, म्हातारं कशाला करू तुमाला? लोक तरणं करा म्हंत्यात!"

अण्णा पुटपुटत राहिले. हात थरथरत होता, त्यामुळं पट्टीही थरथरत होती. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. इतक्या वर्षांनी भेटत होतो, पण त्यांनी कशा आहात वगैरे काही विचारलं नाही. पट्टी माझ्यापुढं धरली.

"बाई, तुम्ही बघा. ह्यो मीच हाय का?"

मी पट्टी घेतली. फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग परत फोटोकडे. घाई केली नाही. आत बसलेले गाल, डोळ्यांखालची सावली, किंचित उघडे ओठ. एका रेघेचाही फरक नव्हता.

"तुम्हीच आहात, अण्णा."

"बघून सांगतासा न्हवं?"

"बघून सांगते."

ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्या हातातून पट्टी घेतली, न बघता दुमडली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"मग आसंल," म्हणाले, आणि दाराशी टेकवलेली छत्री उचलून उन्हात बाहेर पडले.